बरणी भरलेली असली की पाहुण्यांचं गोड वीस मिनिटांत होतं

आमच्याकडे महिन्यातून दोनदा तरी आठ-दहा माणसं जेवायला असतात, कधी ऑफिसमधले, कधी भिशीतल्या मैत्रिणी, कधी गावाहून लग्नाची पत्रिका द्यायला आलेले. जेवणातलं बाकी सगळं जमतं हो, भाजी सकाळीच करून ठेवता येते, मसालेभात कुकरला लावता येतो, पण गोडाचं नेहमी शेवटी राहतं आणि मग एकीकडे पुऱ्या तळायच्या, दुसरीकडे दूध आटवत उभं राहायचं, बाहेर सगळ्यांच्या गप्पा रंगलेल्या आणि आपण मात्र ओट्यापाशी. नाहीतर मग ऑफिसमधून येता येता दुकानातून बॉक्स उचलायचा. दुकानातलं वाईट असतं असं नाही, पण घरी जेवायला बोलावलंय तर गोडाची वाटी घरचीच असावी असं मला मनापासून वाटतं.

यावर मला जी पद्धत सापडली ती आपल्या आज्यांचीच आहे. गोड पाहुण्यांच्या दिवशी करायचंच नाही. ज्या त्या फळाच्या सीझनला बरणीत करून ठेवायचं आणि त्या दिवशी फक्त चक्का, नारळाचं दूध नाहीतर साधा शिरा याच्यावर ते घालायचं. बस. बरणीत चव, रंग, आंबटपणा सगळं आधीच असतं, त्यामुळे खालचं कितीही साधं असलं तरी चालतं. खाली सगळं सविस्तर लिहितेय, बरण्यांचं आधी आणि मग त्यातून काय काय करायचं ते.

वर्षाचा हिशोब साधारण असा. एप्रिल-मेमध्ये कैरीचा साखरांबा आणि गुळांबा, मे संपता संपता पाऊस पडायच्या आत कोकम, थंडीत आवळा आणि पेरू, फेब्रुवारी-मार्चला स्ट्रॉबेरी. एका वर्षात सगळं करायला जाऊ नका, पहिल्या वर्षी दोनच बरण्या करा. साखरांबा आणि स्ट्रॉबेरी जॅम, हे दोन जमले की बाकीचं आपोआप जमतं कारण सगळ्यांमागे गोष्ट एकच आहे.

ती गोष्ट म्हणजे साखर. आजकाल सगळ्यांना साखर कमी करायची असते, मलाही असते, पण मोरंब्यातली साखर फक्त गोडीसाठी नसते, तीच तो पदार्थ टिकवते. तयार मालात साखर साधारण ६५ टक्क्यांच्या वर असली की त्यातलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं, बुरशीला आणि जंतूंना ते वापरता येत नाही. तुम्ही साखर निम्मी केलीत तर तो साखरांबा राहत नाही, ती कैरीची गोड चटणी होते, ती फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवायची. तसं करायला काही हरकत नाही, पण मग वर्षभर बाहेर ठेवायची अपेक्षा धरू नका. मी साखर पूर्ण घालते आणि वाढताना चमचा लहान घेते.

दुसरं भांडं. कैरी, कोकम, आवळा सगळं आंबट, त्यामुळे ॲल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई नसलेलं पितळ-तांबं नकोच, चव धातूची येते आणि रंग काळपट होतो. जाड बुडाचं स्टीलचं रुंद पातेलं घ्या. रुंद अशासाठी की पाणी लवकर उडतं, फळ कमी वेळ शिजतं आणि रंग टिकतो. उंच अरुंद भांड्यात तेच प्रमाण दुप्पट वेळ घेतं आणि जॅम तपकिरी पडतो.

बरण्या काचेच्या. मोठ्या पातेल्यात तळाशी जुनं फडकं घालून त्यावर बरण्या आडव्या ठेवायच्या, वर येईल इतकं पाणी घालून उकळी आल्यापासून १० मिनिटं उकळू द्यायचं आणि काढून स्वच्छ कपड्यावर उपड्या ठेवून पूर्ण कोरड्या करायच्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, एक थेंब पाणी राहिलं तर वरच्या थरातली साखर तेवढ्यापुरती पातळ होते आणि तिथूनच बुरशी सुरू होते. भरताना दोनच मार्ग आहेत. एकतर कडकडीत गरम जॅम गरम बरणीत भरून लगेच झाकण घट्ट लावायचं, नाहीतर पूर्ण गार करून भरायचं आणि मग झाकण लावायचं. कोमट भरून झाकण लावलं तर वाफ झाकणाला जमते, पाणी होऊन खाली पडतं आणि चार महिन्यांनी सगळी मेहनत वाया. गार होईपर्यंत पातेल्यावर ताट न ठेवता पातळ सुती फडकं बांधायचं ते यासाठीच, आमच्याकडे त्याला दादरा बांधणं म्हणतात. बुरशी दिसलीच तर वरचं काढून खालचं खाऊ नका हं, ती बरणी सगळी टाकायची.

आता साखरांबा.

कैरी करकरीत, आंबट, आत कोय नुकती धरलेली अशी हवी. राजापुरी मिळाली तर उत्तम कारण तिला गर भरपूर असतो, नाहीतर गावठी पण चालते. तोतापुरी मी घेत नाही कारण ती कमी आंबट असते आणि नुसता गोडमिट्ट लगदा होतो. एक किलो कैरीचा सालं-कोय काढून साधारण ६०० ग्रॅम कीस निघतो. त्याला साखर दीडपट, म्हणजे ९०० ग्रॅम. वाटीनं मोजलंत तर कीस किती दाबून भरला त्यावर सगळं बदलतं, म्हणून वजन करा, स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा असू द्या, भारी उपयोगी पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साखर आधी घालायची नाही. कीस पातेल्यात दोन-तीन चमचे पाणी घालून झाकण ठेवून बारीक आचेवर ५-७ मिनिटं वाफवा, पारदर्शक दिसायला लागला पाहिजे आणि बोटाने दाबला तर तुटला पाहिजे. मगच साखर. कच्च्या किसाला थेट साखर लावून शिजवलं की साखर त्याच्यातलं पाणी ओढून घेते आणि कीस आक्रसून चिवट होतो, मग कितीही शिजवा तो मऊ होत नाही. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं, चव छान होती पण चावताना दोरे चावल्यासारखं लागत होतं.

साखर घातली की सगळं एकदम पातळ होतं, घाबरू नका. मध्यम आचेवर १५-२० मिनिटं ढवळत राहा. ३-४ लवंगा आत्ताच घाला. चिमूटभर मीठ घाला, हे विसरू नका, मिठाने कैरीचा आंबटपणा उठून दिसतो. मग पाक बघायचा. एक थेंब गार बशीवर टाकून बोटाने उचला, अंगठा आणि बोट लांब केलं की एक तार निघाली पाहिजे, म्हणजे एकतारी. गॅस बंद करताना साखरांबा तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा पातळच दिसला पाहिजे, कारण गार झाल्यावर तो दाट होतो. पातेल्यातच मनासारखा दाट केलात तर दुसऱ्या दिवशी बरणीत चमचा घुसत नाही. तसं झालंच तर टाकू नका, पाव वाटी उकळतं पाणी घालून अगदी बारीक आचेवर पुन्हा एकजीव करा आणि नीट एकतारीवर आणा, येतो सरळ. केशर आणि वेलदोड्याची पूड गॅस बंद केल्यावर. जायफळ नको, कैरीबरोबर ते दाबून टाकतं.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जॅमला १०५ डिग्री असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण तो आकडा समुद्रसपाटीचा आहे, तिथे पाणी १०० ला उकळतं म्हणून. खरा नियम असा की पाणी जिथे उकळतं त्याच्या साडेचार-पाच डिग्री वर. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं, म्हणजे माझा साखरांबा १०३ लाच तयार असतो. महाबळेश्वरला तर पाणी ९५-९६ लाच उकळेल. पुण्यात बसून १०५ गाठायला गेलात तर दोनतारी पाक होतो आणि काही दिवसांनी बरणीच्या कडेला साखर जमते. म्हणून थर्मामीटर आधी नुसत्या उकळत्या पाण्यात बुडवून बघा, तो काय दाखवतो ते लिहून ठेवा आणि त्यात साडेचार-पाच मिळवा.

गुळांबा याच पद्धतीने, फक्त कैरीच्या फोडी किंवा जाड कीस आणि साखरेऐवजी तेवढाच गूळ. गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यात हमखास कचरा निघतो. गुळांबा करपतो लवकर, त्यामुळे आच बारीक आणि हात सतत चालू. टिकायला तो साखरांब्यापेक्षा कमी, पावसाळा लागला की मी सरळ फ्रीजमध्ये टाकते.

स्ट्रॉबेरी मात्र वेगळी. सीझनच्या सुरुवातीची मोठी महागडी स्ट्रॉबेरी जॅमला घेऊ नका. फेब्रुवारीनंतर वाई-पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्याला आणि इथे मंडईतही छोटी, लालबुंद, थोडी मऊ पडलेली स्वस्त मिळते, ती बेस्ट. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असतं, पेक्टिन म्हणजे फळातला तो चिकट भाग ज्यामुळे जॅम धरतो. कैरी, आवळा, पेरू, सफरचंद यांच्यात ते भरपूर, म्हणून त्यांचं आपोआप जमतं आणि स्ट्रॉबेरीचं नुसतं सरबत होत राहतं. उपाय सोपा आहे, १ किलो स्ट्रॉबेरीला एक सफरचंद सालासकट किसून घाला, ते शिजून कुठे गेलं कळतही नाही, आणि दोन लिंबांचा रस. साखर ७५० ग्रॅम. आदल्या रात्री स्ट्रॉबेरी धुऊन, पुसून, देठ काढून (देठ धुतल्यावरच काढा, आधी काढले तर आत पाणी शिरतं) साखर लावून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी फळ रसात पोहत असतं. आता सफरचंद घालून आधी मध्यम आचेवर साखर पूर्ण विरघळू द्या, मग आच मोठी करून अर्धा तास तरी उकळा, वर गुलाबी फेस येतो तो झाऱ्याने काढून टाका. लिंबू शेवटच्या दहा मिनिटांत. झालं का हे बघायला फ्रीजरमध्ये ठेवलेल्या गार बशीवर अर्धा चमचा टाका, मिनिटभराने बोटाने रेघ ओढा, रेघ तशीच राहिली आणि कडेला सुरकुती पडली की झालं. रेघ भरून आली तर अजून पाच मिनिटं. बशी गरम जॅमच्या पातेल्याशेजारी ठेवू नका, मग टेस्ट चुकते. पेक्टिनची पावडर, लाल रंग, एसेन्स काहीही लागत नाही.

पेरूचं मला गोव्याच्या पद्धतीचं आवडतं. कोकणीत पेरूला पेर म्हणतात, आणि त्याची ही जी घट्ट लाल-तपकिरी वडी, तिला पेराद. नाताळात गोव्यातल्या ख्रिश्चन घरांमध्ये शेजारीपाजारी गोडाची ताटं पाठवतात, त्याला कुस्वार म्हणतात, त्यात नेवऱ्या, दोदोल यांच्याबरोबर पेरादीच्या वड्या असतात. पिकलेले पण टणक पेरू १ किलो, चार तुकडे करून बुडतील इतक्या पाण्यात मऊ शिजवा, पाणी निथळा (ते गोड पाणी टाकू नका, लिंबू-साखर घालून प्या), गर चाळणीतून रगडून बिया काढा. गर जितका भरेल तितकीच साखर, दोन लिंबांचा रस. जाड बुडाच्या कढईत घाला आणि पाऊण तास तरी ढवळायची तयारी ठेवा. हे मिश्रण फार उडतं आणि अंगावर उडालं तर चटका जबरदस्त बसतो, म्हणून लांब दांड्याचं उलथनं, पूर्ण हातांचा ड्रेस आणि मुलांना त्या वेळी स्वयंपाकघराबाहेर. कडा सोडून गोळा फिरायला लागला की एक चमचा लोणी घालून लोणी लावलेल्या ताटात थापा, रात्रभर तसंच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी सुरी ओली करून वड्या पाडा. हवाबंद डब्यात महिनाभर मस्त राहतात. जेवणानंतर कॉफीबरोबर एकेक वडी ठेवली की वेगळं डेझर्ट लागतच नाही, आणि चीजच्या तुकड्यावर ठेवून द्या, सगळे विचारतात हे काय म्हणून.

आवळ्याचा मोरावळा मी करते पण पाहुण्यांना नाही, तो घरच्यांसाठी, सकाळी एकेक. त्यामुळे इथे सोडून देते.

कोकमाला मात्र गॅस लागत नाही, सगळं ऊन करतं. मे महिन्यात पिकलेले जांभळे-लाल रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, मिळतात, कोकणात कोणी ओळखीचं असेल तर आणायला सांगा, पुण्या-मुंबईतही त्या दिवसांत काही ठिकाणी येतात. धुऊन, पुसून अर्धे करा, बिया आणि आतला पांढरा गर काढा. १ किलो सालांना २ किलो साखर. स्वच्छ कोरड्या काचेच्या बरणीत साल, साखर, साल, साखर असे थर लावा, सगळ्यात वर साखर आली पाहिजे. तोंडाला फडकं बांधून ८-१० दिवस रोज उन्हात ठेवा, संध्याकाळी आत आणा, रोज एकदा कोरड्या चमच्याने वर-खाली करा. साखर सगळी विरघळून गडद लाल पाक झाला की गाळून बाटलीत भरा. थोडी जिरेपूड आणि मीठ मी बाटलीत घालत नाही, सरबत करताना घालते, म्हणजे तोच पाक गोडावर ओतायलाही वापरता येतो. आणि ढग आले, ऊन गेलं तर थांबू नका, पाक झालाय तेवढा गाळून फ्रीजमध्ये टाका.

आता चक्का, कारण माझं निम्मं काम तोच करतो. म्हशीच्या एक लिटर फुल क्रीम दुधाच्या दह्याचा साडेतीनशे ते चारशे ग्रॅम चक्का पडतो. आठ-दहा माणसांना पुरीबरोबर श्रीखंड वाढायचं तर दोन लिटरचं दही लावा. दही ताजं हवं, नुकतं लागलेलं, आंबट नको. दुहेरी सुती कपड्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली पातेलं, आणि सगळं उचलून रात्रभर फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात बाहेर टांगून ठेवलं तर सकाळपर्यंत चक्का आंबून जातो, मग कितीही साखर घाला, घशाला लागतो. परदेशात राहणाऱ्यांनी पूर्ण फॅटचं ग्रीक योगर्ट दोन-तीन तास असंच बांधून ठेवलं तरी छान चक्का होतो, माझी बहीण लंडनमध्ये वर्षानुवर्षं हेच करते.

श्रीखंडाला ५०० ग्रॅम चक्क्यात ३५०-४०० ग्रॅम साखर. मिसळून दोन तास तसंच ठेवा आणि मग पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. साखर विरघळताना चक्क्यातलं उरलंसुरलं पाणी ओढते आणि सगळं सैल होतं, त्यामुळे चक्का सुरुवातीला तुम्हाला हवा त्यापेक्षा जास्तच घट्ट असायला हवा. आम्रखंडाला आमरस आधी नॉनस्टिक पॅनमध्ये निम्मा होईपर्यंत आटवून, पूर्ण गार करून घाला, तसाच ओतला तर वाटीत पाणी सुटतं. डब्यातला पल्प वापरताय तर त्यात बहुतेक वेळा साखर आधीच असते, डबा वाचा आणि साखर कमी करा. फळं घालायची तर वाढायच्या आधी. आणि ताजा अननस दह्या-दुधात कधीच घालू नका, त्यातलं एंझाइम दुधाचं प्रोटीन तोडतं आणि तासाभरात सगळं कडू होतं. अननस साखरेबरोबर ५-७ मिनिटं शिजवून गार करून घातला की काही होत नाही. किवी आणि कच्च्या पपईचंही तेच.

आता बरणी आणि चक्का एकत्र. हे मी सगळ्यात जास्त करते, आठ ग्लासांचं प्रमाण देते. ४०० ग्रॅम चक्का, १०० ग्रॅम घरी दळलेली पिठीसाखर, २०० मिली फ्रेश क्रीम, चिमूट मीठ, हलक्या हाताने एकत्र फेटा. टेट्रापॅकमधली फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटची असते, ती केकवरच्या क्रीमसारखी फुगत नाही, फेटत बसू नका, चक्का घट्ट असल्यामुळे गरजच नाही. छोट्या काचेच्या ग्लासात तळाला दोन चमचे मारी बिस्किटाचा जाडसर चुरा, त्यावर चक्क्याचा थर, मग एक मोठा चमचा स्ट्रॉबेरी जॅम, परत चक्का, वर थोडा जॅम. जॅम फार घट्ट असेल तर लिंबाच्या रसाने सैल करून घ्या. सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवा, बिस्किट थोडं मऊ पडतं आणि जास्त छान लागतं. हाच ग्लास साखरांब्याने पण करता येतो, मग बिस्किटाऐवजी भाजलेल्या शेवया तुपात परतून, थोडी साखर लावून घाला. माझ्या मते साखरांब्याचा ग्लास स्ट्रॉबेरीपेक्षा चांगला लागतो, केशराचा वास आणि मधेच येणारी लवंग, काय सांगू.

दुसरा प्रकार नारळाच्या दुधाचा, जे दही खात नाहीत किंवा दूध चालत नाही त्यांच्यासाठीही. चायना ग्रासच्या (म्हणजे अगर-अगर, जेलीसारखं सेट करायला वापरतात ते) १० ग्रॅम काड्या दीड कप पाण्यात २० मिनिटं भिजवा आणि त्याच पाण्यात बारीक आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत उकळा (पावडर असेल तर निम्मीच घ्या). दुसरीकडे ७५० मिली नारळाचं दूध आणि सहा मोठे चमचे साखर कोमट करा, उकळू नका, फाटतं. चायना ग्रासचं गरम पाणी गाळून त्यात ओता, भराभर ढवळा, वाट्यांत भरा. दूध कोमटच हवं, गार दुधात ओतलं तर ओतताच गुठळ्या होतात. हे फ्रीजबाहेरसुद्धा सेट होतं आणि एकदा सेट झालं की मे महिन्याच्या दुपारी टेबलावर ठेवलं तरी वितळत नाही, म्हणून मोठ्या पंगतीला जिलेटीनपेक्षा हे चांगलं, शिवाय पूर्ण शाकाहारी. वाढताना प्रत्येक वाटीवर दोन चमचे कोकमाचा पाक. पांढऱ्यावर लाल. कोकणातल्या माणसाला एका चमच्यात कळतं की ही सोलकढीचीच जोडी आहे, गोड होऊन आलेली.

आणि अचानक आलेल्यांसाठी शिरा. एक वाटी रवा अर्धी वाटी तुपात गुलाबी भाजा, अडीच वाट्या उकळतं पाणी, झाकण, वाफ आली की पाव वाटी साखर, आणि गॅस बंद करून अर्धी वाटी साखरांबा ढवळा. अननसाच्या शिऱ्यासारखाच पण जास्त अंगाचा. यात दूध घालू नका. खरं तर कुठल्याही गरम दुधाच्या पदार्थात साखरांबा, गुळांबा, कोकम घालायचं नाही, आंबट आहे, दूध फाटणारच. मी एकदा गरम शेवयांच्या खिरीत गुळांबा घातला होता, पाहुणे ताटावर बसलेले आणि पातेल्यात दाणेदार पनीर. गार बासुंदीवर वरून अर्धा चमचा मात्र चालतो, तो ढवळायचा नाही.

रात्रीचं जेवण असेल तर माझं वेळापत्रक असं: दोन दिवस आधी रात्री दही लावायचं, आदल्या रात्री ते बांधून फ्रीजमध्ये, सकाळी ऑफिसला जायच्या आधी वीस मिनिटांत ग्लास भरायचे. संध्याकाळी गोडाला हातच लावायचा नाही. ग्लास छोटे घ्या, १५० मिलीचे, पोटभर जेवणानंतर तेवढंच जातं आणि कोणी अर्धं टाकत नाही. दोन प्रकार करायचे असतील तर एक आंबट आणि एक सौम्य असा, दोन्ही चक्क्याचे नकोत. डायबेटिस असलेलं कोणी येणार असेल तर बरणीतलं काही त्यांना देऊ नका, त्यात साखर किती आहे ते वर लिहिलंच आहे, त्यांच्यासाठी साधा चक्का, चिरलेली स्ट्रॉबेरी किंवा डाळिंबाचे दाणे आणि भाजलेले बदाम असा वेगळा ग्लास तितकाच सुंदर भरा, बाकीच्यांसारखाच दिसेल असा. त्यांना वेगळं काढलंय असं वाटायला नको.

बरण्यांवर चिकटपट्टी लावून पदार्थ आणि महिना-वर्ष लिहा, नाहीतर गेल्या वर्षीचं मागे राहतं आणि नवीनच संपतं. मोठी एक बरणी करण्यापेक्षा पाव-पाव किलोच्या चार करा, एक उघडली तरी बाकीच्या बंद राहतात, आणि कोणाला घरी जाताना द्यायला बरी पडते. उघडलेली फ्रीजमध्ये, चमचा कायम कोरडा. बरणी तळाला आली की चमच्याने खरवडत बसू नका, अर्धा कप गरम पाणी घालून झाकण लावून हलवा, साखरांब्याची असेल तर त्यात पुदिना आणि सोडा घालून दोन ग्लास सरबत होतं, स्ट्रॉबेरीची असेल तर पाण्याऐवजी गार दूध ओता, त्यात आंबटपणा इतका थोडा उरलेला असतो की ते फाटत नाही, आणि मुलांना लगेच प्यायला द्या.